धुणे कोणाच्या हाताखाली येते?

शेतकऱ्याच्या घरात नांगरट, पेरणी, डवरणी, निंदण यांचे दिवस मोजले जातात. किती बाया लागल्या, मजुरी किती गेली, हे वहीत उतरते. धुणे मात्र कोणत्याच वहीत नसते. ते रोज होते म्हणून कोणाला दिसत नाही. एक दिवस राहिले की सगळ्या घराला दिसते.

कृषी विस्ताराच्या कामात माझी अनेक वर्षे गावोगाव हिंडण्यात गेली. वऱ्हाडातल्या एका घरी मी हा हिशेब मुद्दाम विचारला. घर नऊ माणसांचे. सासू-सासरे, दोघे भाऊ, दोघी जावा आणि तीन मुले. कपाशी-तुरीचे वावर. ऐन भादव्यात रोजचे तीस-पस्तीस कपडे निघत. धुवायला आणि खळबळायला दहा-बारा बादल्या पाणी लागे, तेही बोअरचे जड पाणी. थोरली सून पहाटे धुण्याच्या दगडाशी बसे, आणि दहा वाजता तीच बाई विळा घेऊन निंदणाला जाई.

हिशेब सांगता सांगता तिने मला एक प्रश्न केला. "सायेब, तुमी शिबिरात फवारणाऱ्याले सांगता, हातमोजे घाल, तोंडाले फडकं बांध. पन ते भिजलेले कपडे मंग माह्या हाताखाली येतात. माह्या हाताचं काय?"

प्रश्न रास्त होता. फवारणीच्या हंगामात तिच्या हातांना खाज सुटे, डोळे चुरचुरत. सोड्याने होत असेल, असे घरचे म्हणत. नेमके कशाने, हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण धोका डोळ्यांसमोर होता. त्याच घमेल्यात औषधाने भिजलेला सदरा आणि तान्ह्या लेकराची दुपटी एकत्र भिजत होती.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. ते वर्ष आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. औषध केवळ नाकातोंडाने अंगात जात नाही. फवारणीच्या कामात ते मुख्यतः कातडीतून शिरते. पाठीवरचा पंप गळतो, पाठ भिजते, कपाशीत चालताना पाटलोण भिजते. तो कपडा मग अंगावर असो की धुणाऱ्या बाईच्या हातात असो, औषध तेच. वाळल्यावरही ते कपड्यातून उडून जात नाही. न धुता दुसऱ्या दिवशी तोच सदरा घातला, तर घामासरशी ते पुन्हा अंगाला लागते.

त्या दिवशी ओसरीवर बसून आम्ही घराची रीत ठरवली. फवारणीसाठी पूर्ण बाह्यांचे दोन जुने जोड वेगळे काढायचे. घरात शिरण्याआधी ते गोठ्याच्या मागे उतरवायचे आणि त्यांची बादली वेगळी ठेवायची. धुणे त्याच दिवशी, रबरी हातमोजे घालून. आधी खिसे झटकायचे. मग साध्या पाण्यात खळबळून ते पाणी टाकायचे. नंतर कडक पाण्यात धुण्याची पावडर टाकून धुवायचे आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचे. शेवटी बादली आणि हातमोजेही साबणाने धुवायचे. कपडे वेगळ्या दोरीवर उन्हात वाळवायचे. हे पाणी विहिरीजवळ, हापशाजवळ, नाल्यात किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊ द्यायचे नाही. पाणी न मिसळलेले औषध कपड्यावर सांडले असेल, तर तो कपडा पुन्हा वापरायचा नाही. यंत्रात धुवायचे झाले तर हे कपडे एकटेच टाकायचे, आणि नंतर यंत्र एकदा साबणाच्या पाण्याने रिकामे फिरवायचे.

हे सगळ्यांना पटले. अडले ते एकाच ठिकाणी. धुवायचे कोणी? धाकटा भाऊ म्हणाला, "धुणं बायांचं काम." तेव्हा आजवर गप्प बसलेले सासरे बोलले, "फवारा झाला की पंप कोण धुते? तूच ना? मंग सदराबी तूच धू." त्यापुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. त्या घरी आता जो फवारतो तोच आपले कपडे धुतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने तर त्या बादलीला हात लावायचा नाही, असा सासूचा दंडक आहे.

एक गाठ सुटली की दुसऱ्या सैल होतात. थोरल्या सुनेने मग बाकीच्या धुण्याचीही घडी बसवली. वावरातल्या कपड्यांची टोपली वेगळी, घरातल्यांची वेगळी. काळ्या मातीचा चिखल ओला असताना चोळला की धाग्यात बसतो. म्हणून तो वाळू द्यायचा, झटकायचा आणि मगच कपडा भिजवायचा. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट साका धरतो. अशा पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवला तर साबण कमी लागतो. मात्र सोडा हाताला झोंबतो, म्हणून बेताने. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो; घाबरू नये, उन्हाने तो फिका पडतो. केळीच्या चिकाचा डाग मात्र जात नाही. केळीच्या बागेत जुनेच कपडे घालावे.

शाळेत जाणारी दोन मुले आता आपले मोजे-रुमाल स्वतः धुतात. वाळत घालणे आणि घड्या करणे पुरुषांकडे आले आहे. नेहमीच्या धुण्याचे पाणी परसातल्या झाडांना जाते, पण रोज एकाच झाडाला नाही. साबण-सोड्यातल्या क्षारांनी माती घट्ट होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

काही घरांत आता दोन टाक्यांची यंत्रे आली आहेत. आली तर चांगलेच, हात वाचतात. पण वीज आणि पाणी यांची वेळ आपल्या हाती नसते, आणि कोणता कपडा कशात टाकायचा हे यंत्राला कळत नाही. ते घरालाच ठरवावे लागते.

औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तो त्रिकोण फवारणाऱ्याने पाहावाच, पण घरच्या बाईलाही दाखवावा. धुणाऱ्याला मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असे काही झाले, तर घरगुती उपाय करत बसू नये. डबा किंवा त्याचे लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

या हंगामात पंप बाहेर काढाल, तेव्हा नोझल आणि वॉशर तपासालच. त्याच वेळी एक वेगळी बादली आणि हातमोज्यांचा एक जोड आणून ठेवा. दोन्हींना फार पैसे लागत नाहीत. पिकावरची कीड मारायला गेलेले औषध घरातल्या माणसाच्या हाताला लागू नये, एवढे आपल्या हातात आहे.