सहाशे ब्याण्णव नमुन्यांची तार

खर्जाची तार जितकी खालच्या सुरात, तितकी चिपला धावायला मोकळीक जास्त! हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. भेटेल त्याला सांगत सुटलोय, आता तुम्हालाही सांगतो.

शनिवार पेठेत राहणाऱ्याला तंबोरा काही नवा नाही. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली स्थापन केलेलं गांधर्व महाविद्यालय आमच्या मेहुणपुऱ्यातच आहे. पण तंबोरा सी भाषेत लिहिता येतो आणि तो सी कोड आपल्याला हाताने लिहावाही लागत नाही, हे मला आत्ता आत्ता कळलं. फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या ‘ग्राम’ या संस्थेत २००२ पासून घडत आलेली ‘फाउस्ट’ नावाची भाषा आहे. आवाज कसा तयार व्हायला हवा ते चार ओळींत मांडायचं, की तिचा कंपायलर पानंच्या पानं सी कोड काढून देतो.

मी तार मांडली ती कार्प्लस आणि स्ट्राँग यांच्या १९८३ सालच्या पद्धतीने. आवाजाच्या नमुन्यांच्या, म्हणजे आकड्यांच्या, एका लांब रांगेत थोडा गोंगाट भरायचा. रांगेच्या टोकाशी आलेल्या दोन शेजारी नमुन्यांची सरासरी काढायची आणि ती पुन्हा रांगेच्या सुरुवातीला सोडायची. बस्स, एवढंच! दर फेरीला खरखर झिजत जाते आणि तार बोलायला लागते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. काळी एकचा खर्ज म्हणजे ६९.३ हर्ट्झ. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर रांग होते साधारण ६९२ नमुन्यांची. त्यासाठी फाउस्टने १,०२४ घरांचा अ‍ॅरे घेतला होता आणि प्रत्येक पत्ता १,०२३ शी ‘अँड’ करून गोल फिरवला होता. ना भागाकार, ना ‘इफ’. एकेका स्थिरांकापुढे आठवणीने ‘एफ’ लावलेला, म्हणजे चुकूनही डबल प्रिसिजनमध्ये शिरायला नको. यंत्राने लिहिलेला कोड इतका नेटका असू शकतो!

तो चढवायचा होता टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस३२०सी६७१३ वर. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला हा सिग्नल प्रोसेसर. २२५ मेगाहर्ट्झचा, पोटात एकाच वेळी चालू शकणारी आठ गणनयंत्रं. हिशेब केला तर एका नमुन्यामागे ४,६८७ सायकल मिळतात, म्हणजे चैनच. तरीही पहिल्यांदा हेडफोनमध्ये नुसता तडतडाट. कारण कोड आणि रांगा दोन्ही बोर्डावरच्या बाहेरच्या एसडीरॅममध्ये जाऊन बसले होते, आणि त्या मेमरीसाठी कॅशे मुळात बंद असतो, तो आपण चालू करावा लागतो. लिंकरच्या कमांड फाइलमध्ये दोन ओळी बदलून सगळं आतल्या २५६ केबीत आणलं आणि तार स्वच्छ वाजली.

पण एका तारेवर कोण थांबतो! गाणाऱ्याच्या मागे तंबोऱ्यांची जोडी लागते, आठ तारा, त्यावर जवारी. त्याला किती सायकल लागतील हे बघायला चिपच्या सी कंपायलरला ‘के’ हा पर्याय दिला, म्हणजे तो असेंब्लीची फाइल पुसून टाकत नाही. ती उघडली आणि मी हरखूनच गेलो. प्रत्येक लूपच्या डोक्यावर कंपायलरने स्वतःचा विचार लिहून ठेवलेला असतो! किती आवर्तनं एकमेकांत गुंफली, कुठे अडलो, का अडलो, सगळं. माझं घोडं ‘लूप कॅरीड डिपेंडन्सी बाउंड’ या ओळीपाशी अडलं होतं. मेमरीतून आकडा आणायला पाच सायकल, बेरजेला चार, गुणाकाराला चार, परत ठेवायला एक. चौदा सायकलींची साखळी, आणि ती संपेपर्यंत पुढचा नमुना सुरूच करायचा नाही. आठांपैकी बहुतेक यंत्रं रिकामी.

का? तर फाउस्ट एकाच अ‍ॅरेतून वाचतो आणि त्यातच लिहितो. आत्ता लिहिलेला आकडा लगेच पुढच्या फेरीत वाचला जाईल, अशी कंपायलरला रास्त भीती. पण मला ठाऊक आहे की ही खर्जाची तार आहे! वाचन लेखनाच्या ६९२ घरं मागे चालतं आणि मी एका दमात फक्त ३२ नमुने काढतो. त्या ३२ मधला एकही दुसऱ्यावर अवलंबून असणं शक्यच नाही. वाचायला एक पॉइंटर, लिहायला दुसरा, दोन्हींवर ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द, म्हणजे या दोन जागा एकमेकींत येणार नाहीत असं कंपायलरला दिलेलं वचन, आणि साखळी तुटली. नमुने एकावर एक चढून धावायला लागले. दोन हजार हर्ट्झच्या सुराला हे चाललं नसतं, तिथे रांगच २४ नमुन्यांची. खर्ज खाली आहे म्हणून हे जमतं. तंबोऱ्याचा सूर थेट चिपच्या वेळापत्रकात उतरतो, याचा मला केवढा आनंद झालाय!

तळमजल्यावरच्या काकू रीतसर गाणं शिकलेल्या. त्यांना ऐकवलं. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, “अरे, छान आहे रे, पण तुझा खर्ज जोडीच्या तारांना मिळत नाहीये. लाट येतेय बघ.” मोजलं तर खरंच दर दहा सेकंदांनी एक लाट! जोडीच्या तारांची रांग ३४६, खर्जाची बरोबर दुप्पट, पण सरासरी काढताना दोन्हींत अर्धा अर्धा नमुना वाढतो, आणि ६९२.५ ही काही ३४६.५ ची दुप्पट नव्हे. काकूंच्या कानाला अर्धा नमुना ऐकू आला! फाउस्टमध्ये ‘डिले’च्या जागी अपूर्णांक चालणारा ‘एफडिले’ घातला, तो अर्धा वजा केला, कोड पुन्हा काढला. (नव्याने काढलेल्या कोडमध्ये हाताने केलेले बदल अर्थातच पुसले जातात, म्हणून दोन पॉइंटरांची दुरुस्ती मी एका छोट्या स्क्रिप्टकडे सोपवली आहे.) काकूंनी या वेळी मान डोलावली.

आता जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिलं होतं की तंबोऱ्याची तार अशा जागी छेडली जिथे एखादा स्वरांश गप्प बसायला हवा, तरी रुंद घोडीमुळे तो बोलतोच. मिरजेचे कारागीर घोडी घासून, तारेखाली दोरा सरकवून तेच साधतात. माझ्या कोडमध्ये याचा अर्थ असा, की तार जोरात हलत असताना घोडीला लपेटून किंचित आखूड होते आणि रांगेची लांबी दर नमुन्याला बदलते. पण कितीही आखूड झाली तरी ती ३२ च्या आसपासही फिरकत नाही, म्हणजे तिथेही ‘रिस्ट्रिक्ट’ चालतंय!