पुढची जागा मागच्यासाठी

मेहरूणच्या आबांचं माझ्यावर जे ऋण आहे, ते दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. त्यांनी पैसे उसने दिले असते, कुठे चिकटवून दिलं असतं, अडीअडचणीला रक्त दिलं असतं, तर चारचौघांत सांगता आलं असतं. त्यांनी मला जे दिलं त्यामुळे काही घडलंच नाही. न झालेल्या अपघाताचा पंचनामा होत नाही, पेपरात बातमी येत नाही. इतकी वर्षं रात्रीची गाडी चालवून मी धडधाकट घरी येतो, ही सगळी त्यांची देणगी आहे.

वडील गेले तेव्हा घरात कमाईची वस्तू एकच होती, टाटा ४०७. आसोदा-भादलीकडची भरिताची वांगी संध्याकाळी भरायची आणि पहाटेच्या आत नाशिकच्या मार्केटला उतरवायची, हा त्यांचा धंदा. मला गाडी येत होती, पण दिवसाची. आबा आमच्याच गल्लीत, मेहरूण तलावाच्या अंगाला राहायचे. उभी हयात ट्रकवर गेलेली. सुरत ते कोलकाता हा जुना सहा नंबरचा हायवे त्यांना तोंडपाठ. दहावं झाल्यावर ते आईला म्हणाले, "बाई, पोराबरोबर काही दिवस मी बसतो." ते काही दिवस फार लांबले. भाड्यातला रुपया त्यांनी कधी घेतला नाही. धुळ्याच्या अलीकडे चहा घ्यायचे तेवढाच, तोही अर्धा.

क्लीनरच्या बाजूला बसून त्यांनी मला स्टिअरिंग, गियर, घाट यांतलं फारसं काही शिकवलं नाही. ते तुला येतंच, म्हणायचे. शिकवलं ते अंतर. पुढच्या ट्रकच्या नंबरप्लेटवरचे आकडे वाचता यायला लागले की गुडघ्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "मांगे ऱ्हाय भो, मांगे." घरात अहिराणी, माझ्याशी मराठी, पण रस्त्यावर घाईचा शब्द निघाला की तो अहिराणीच निघायचा.

तेव्हा पाळधी, एरंडोल, पारोळा या पट्ट्यात दोन्ही बाजूंना निंबाची नि चिंचेची मोठी झाडं होती आणि खोडांना गेरू-चुन्याचे पट्टे. दिव्याच्या उजेडात ते पट्टे चमकायचे. आबांचं माप त्यांच्यावर चालायचं. पुढच्या गाडीचा लाल दिवा एखाद्या पट्ट्यापाशी गेला की "जय मुक्ताई" म्हणायला लागायचं. सावकाश तीनदा म्हणून झाल्यावर आपल्या गाडीचं तोंड त्या झाडापाशी आलं तर ठीक. आधी आलं तर पाय उचलायचा. माल भरलेला असेल तर आणखी एकदा, पाऊस असेल तर आणखी दोनदा. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर टायरला लागलेली काळी माती डांबरावर आणतात. तिच्यावर पाणी पडलं की चाक थांबतं, गाडी थांबत नाही. ही माती कुठल्या फाट्यापाशी असते ते आबांना गावानिशी माहीत होतं.

रात्री एकटा लाल दिवा माणसाला फसवतो, हे त्यांचं पहिलं सांगणं. दोन दिवे दिसले तर त्यांच्यातल्या फटीवरून गाडी किती लांब आहे याचा अंदाज येतो. एक गेलेला असला की तीच गाडी लांबची मोटारसायकल वाटते. त्यात समोरून कोणी अप्पर मारत आला की पुढचे काही सेकंद आपण आंधळेच असतो. मग त्या वेळात करायचं काय? आबा म्हणायचे, त्या वेळेपुरती जागा आधीच साठवून ठेवलेली असली पाहिजे.

ती जागा राखणं जड जातं. तुम्ही अंतर सोडलं की कोणीतरी ओव्हरटेक करून त्यात घुसतो. तरुण वयात वाटतं, आपल्या हक्काचं कोणी नेलं. आबा म्हणत, "घुसला? घुसू दे. आपण अजून मागे." पुन्हा तीन वेळा जय मुक्ताई. नाशिकपर्यंत असे कितीही घुसले तरी पोचायला फारसा फरक पडत नाही, हे मी आता शपथेवर सांगू शकतो.

पण त्यांचा खरा विचार मला पारोळ्याच्या अलीकडे एका रात्री कळला. कपाशीचा हंगाम होता. आमच्यापुढे एक टँकर, आणि आमच्या दोघांमध्ये नुकतीच घुसलेली एक कार. टँकर एकदम उजवीकडे दबला आणि त्याच्या डाव्या कडेला कपाशीची ट्रॉली दिसली. काळोखात उभी, दिवा नाही, कापूस फाळक्यावरून खाली लोंबत होता आणि त्याच्याखाली रिफ्लेक्टर असलाच तर झाकला गेला होता. कारवाल्याने ब्रेक कचकन दाबला. माझाही पाय जोरात खाली जाणार, एवढ्यात आबा आरशात बघत शांतपणे म्हणाले, "टपटप मार. मागे लक्झरी आहे." मी ब्रेक सोडून-दाबून, सोडून-दाबून गाडी उतरवत आणली. आमचे ब्रेकचे दिवे चारपाच वेळा लागले-विझले, मागच्या बसवाल्याला कळलं, तोही हळू होत गेला. कार ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. आम्ही कारच्या बरेच मागे, बस आमच्या बरीच मागे. कोणाला ओरखडा नाही.

गाडी बाजूला लावल्यावर आबा म्हणाले, "पुढं जागा होती म्हणून तुला हळू थांबता आलं. तू हळू थांबलास म्हणून बसवाला वाचला. पुढची जागा मागच्यासाठी असते." त्या बसमध्ये झोपलेली माणसं सकाळी सुरतेला का पुण्याला, कुठे उतरली असतील ती उतरली असतील. त्यांना काही माहीत नाही. त्यांचंही आबांकडे देणं आहे, असं मला वाटतं, आणि ते फेडणारं कोणी नाही म्हणून मी हे लिहितो आहे.

त्यानंतर आबांनी ट्रॉलीवाल्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याच्या मागच्या टायरमागे कोणी ठेवलेले दगड बघितले, ट्रॉली हलल्यावर ते स्वतः उचलून नाल्यात टाकले. पंक्चर काढून निघून जाणारे लोक दगड रस्त्यातच सोडतात, आणि पुढच्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो. पुढच्या आठवड्यात अजिंठा चौफुलीवरच्या दुकानातून त्यांनी लाल रेडियमची गुंडाळी आणली. जिनिंगच्या फाटकापाशी ट्रॉल्या रिकाम्या होऊन उभ्या असतात, तिथे जाऊन पट्ट्या लावायला लागले. फाळक्यावर नाही, चासीच्या आडव्या लोखंडावर, कापूस लोंबला तरी झाकणार नाही अशा ठिकाणी. बैलगाड्यांना मागच्या आडव्या लाकडाला.

२०१८ साली सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. ट्रकच्या मागून जाणाऱ्या कारचा तो खटला. पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर ठेवा, असं १९८९ च्या नियमात होतं, पण पुरेसं म्हणजे किती ते लिहिलेलं नव्हतं. कोर्टाने म्हटलं, परिस्थिती चांगली असतानाही किमान दोन ते तीन सेकंदांचं. १० ते १५ फूट हे सुरक्षित अंतर नव्हे. मी तलावाच्या काठावर बाकड्यावर बसून आबांना ते समजावून सांगितलं. मला वाटलं, आपलं माप कोर्टाने मान्य केलं म्हणून खूश होतील. त्यांनी विचारलं, "कारमध्ये कोण होतं रे?"

आता फागणे-तरसोद पट्टा चौपदरी झाला. निंब, चिंचा गेल्या. रस्ता रुंद झाला तसा लोकांना वाटतं अंतराची गरज संपली. उलट आहे. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांत ६६. डिपरचा उजेड ४०-५० मीटरच्या पुढे फारसा कामाचा नसतो. म्हणजे या वेगाला जे अंतर लागतं ते आपल्या दिव्यांच्याही पलीकडे जातं. म्हणून रात्री पुढच्या गाडीच्या उजेडावर विसंबून पळणाऱ्यांची मला भीती वाटते. ज्याच्या मागे आपण धावतो, त्याने काय पाहिलं ते आपल्याला तो थांबेपर्यंत कळत नाही. झाडं नसल्यामुळे मी आता पुलाच्या कठड्यांवर आणि किलोमीटरच्या दगडांवर मोजतो. राहूड घाट उतरताना मोजत नाही, तिथे ब्रेकचा वास आला की आपोआप मागे राहतो.

आबा गेले ते बोरांच्या दिवसांत, घरी, अंथरुणावर. इतकी वर्षं हायवेवर काढलेल्या माणसाला असं मरण यावं, यात मला त्यांच्या सगळ्या कामाचा अर्थ दिसतो. त्यांच्या मुलीने ती रेडियमची अर्धी राहिलेली गुंडाळी माझ्याकडे दिली. ती केव्हाच संपली, त्यानंतर मीच आणतो.

दिवाळी झाली की मी जिनिंगच्या फाटकावर असतो. कोणा शेतकऱ्याला आपल्या ट्रॉलीला पट्टी हवी असेल तर पैसे लागत नाहीत. फक्त येताना मागचं लोखंड ओल्या फडक्याने पुसून वाळवून आणा. कापसाची धूळ राहिली तर पट्टी चार दिवसांत सुटते.