अक्षरांना वजन कोण देतं?

वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांसाठी आम्ही पायथॉनमध्ये अक्षरांचा खेळ केला. ‘रँडम’मधलं ‘चॉइस’ सगळ्यांना समान संधी देतं, त्यामुळे ‘क’ येई तितक्याच वेळा ‘ङ’ही येई. मुलं वैतागली. मग ‘चॉइसेस’ वापरलं. त्यात प्रत्येक अक्षराला वजन देता येतं. संगणक वजनांची बेरीज करतो, तेवढ्या लांब पट्टीवर कुठंतरी बोट ठेवतो. ज्याचा तुकडा मोठा, तो जास्त वेळा सापडतो. शून्य वजनाचं अक्षर कधीच येत नाही.

वजनं आम्ही पाठ्यपुस्तकातून मोजली. ‘ण’ भरपूर आला. पण आमच्या आया तर ‘पानी’, ‘कोन’ म्हणतात! मग यंत्र निःपक्ष कसं? आकडे आम्हीच भरले होते, तेही शाळेनं शुद्ध ठरवलेल्या भाषेतून. आता ओट्यावर बसून आयांचं बोलणं उतरवून घेतोय. ‘न’ बराच पुढं आहे.