न दिसणारें पान

कॉलेजांतील मुलांस वेबचें पान कसें बांधावें याचे पहिले धडे देण्याचें काम आम्ही नागपुरांतील एका कॉलेजांत गेलीं सतरा वर्षें करीत आहों. हा विषय ऐकतांच घरांतील वडील मंडळींच्या कपाळीं एक आठी पडते, हें आम्हांस ठाऊक आहे. आमच्याच महालांतील जुन्या वाड्यांत आमचे थोरले काका दर दिवाळीस विचारीत, "अरे, पण तूं शिकवतोस तरी काय?" आणि आमच्या उत्तरानें त्यांचें समाधान दर दिवाळीस होत नसे.

वास्तविक विषय फार साधा आहे. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनीं १९८९ सालीं जी योजना मांडली आणि १९९१ सालीं जी जगास खुली झाली, तिच्यांत पान म्हणजे नुसता मजकूर व त्यास लावलेल्या खुणा, एवढेंच होतें. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, ही दुसऱ्या पानाकडे जाणारी वाट. फडताळांतील डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात तशा या खुणा. आंत डाळ आहे कीं साखर हें चिठ्ठी सांगते. डबा पितळेचा आहे कीं स्टीलचा, याच्याशीं तिला कर्तव्य नसतें. रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा हा शृंगार सी.एस.एस. नांवाच्या निराळ्या भाषेंत सांगावयाचा. तिची पहिली प्रमाण आवृत्ति १९९६ च्या डिसेंबरांत निघाली. हा भेद आम्ही फार तळमळीनें शिकवितों, असें विद्यार्थी म्हणतात. आमचें बोलणें आणि करणें यांत किती अंतर होतें, तें मात्र तीन वर्षांपूर्वींपर्यंत कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें. आमच्या तर मुळींच नाहीं.

त्या वर्षीं जुलैच्या पहिल्या आठवड्यांत धाकट्या भावाचा हात धरून एक मुलगी वर्गांत आली. ती जन्मांध होती. तास संपल्यावर आम्हीं तिला बाजूस बोलाविलें आणि, आमच्या समजुतीनें मोठ्या मायेनें, सांगितलें कीं बाळ, हा विषय डोळ्यांचा आहे. तूं वाङ्मय घ्यावेंस, संगीत घ्यावेंस. तिनें शांतपणें ऐकून घेतलें. "सर, पंधरा दिवस बसूं द्या. मग तुम्ही म्हणाल तसं," एवढेंच ती म्हणाली. नाहीं म्हणण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं, इतकेंच काय तें आमचें औदार्य.

आमच्या चाळीस पाठांचें एक पान आम्हीं २०१० सालीं स्वतः बांधलें होतें. समास, अक्षरांची ठेवण, जागोजाग आकृत्या, पाहाणारे वाखाणीत. तिनें आपला संगणक उघडला. पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी एन.व्ही.डी.ए. नांवाची आज्ञावली त्यांत होती. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें ती २००६ सालीं लिहावयास घेतली, पुढें जेम्स टे हा दुसरा अंध तरुण त्यास मिळाला, आणि ती जगांत कोणासही फुकट मिळते. पहिल्या पाठाचा पहिला शब्द "नागपूर" हा होता. यंत्र कांहीं तरी अगम्य बडबडलें. तिनें एकेक अक्षर ऐकलें: यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. ती हंसली नाहीं. "सर, हें मराठीच आहे ना?" असें तिनें विचारलें.

मराठीच होतें, पण केवळ डोळ्यांपुरतें. आमचा फॉन्ट जुन्या टंकलेखनयंत्राच्या धर्तीचा. त्यांत इंग्रजी यू या अक्षरास न चा मुखवटा, के ला काना, एक्स ला ग. आंत सगळी इंग्रजी अक्षरें, वर देवनागरीचें सोंग. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालींच निघाली होती. परंतु हातास वळण पडलेलें, तें कोण मोडतो! पुढचे प्रकारही असेच निघाले. मथळे म्हणून जे दिसत होते, ते नुसतेच मोठे व ठळक केलेले शब्द. मथळ्याची खूण एकासही नव्हती. अंध वाचक एच हें अक्षर दाबून मथळ्यावरून मथळ्यावर जातो, तसें तिनें दाबलें, आणि यंत्र म्हणालें कीं पुढें मथळा नाहीं. आकृत्यांचें वर्णन कोठेंच दिलेलें नव्हतें. दुव्यांची यादी मागविली, तर "येथें पाहा" हे शब्द सतरा वेळां ऐकूं आले. कोठें पाहा, तें नाहीं.

चित्रास शब्दांची जोड द्यावी, हा वेबच्या प्रमाण-मंडळाचा नियम १९९९ च्या मे महिन्यांतील आहे. आम्ही तो दरवर्षीं परीक्षेंत पांच गुणांस विचारीत होतों.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं, आणि कारण केवळ ती मुलगी नव्हे. आमच्या काकांची दृष्टि काचबिंदूनें हळूहळू गेली. शेवटचीं सहा वर्षें ते सकाळीं माजघरांत वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसत, आणि घरांतील सुना हातचें काम सोडून आळीपाळीनें येऊन वाचून दाखवीत. उन्हाळ्यांत कूलरच्या घरघरींत निम्में ऐकूं येत नसे; ते "असूं दे, असूं दे" म्हणत. एकदां त्यांनीं आमचे पाठ वाचून दाखवावयास सांगितलें. "हा काय शिकवतो तें एकदां कळूं दे," म्हणाले. वहिनीनें दोन परिच्छेद वाचले. तेवढ्यांत दूध उतास गेलें आणि ती उठली. काका २०१४ सालीं गेले. ती फुकटची आज्ञावली तेव्हां होती. आमच्या टेबलावर संगणक होता. विषय आमचा होता. आम्हांस सुचलें नाहीं, याहून अधिक आम्ही काय लिहूं?

असो. पंधरा दिवसांची मुदत पुन्हां कोणीं काढली नाहीं. वर्षअखेरीस प्रत्येकानें एक पान बांधावयाचें असतें. तिनें आपल्या आजीच्या सांडग्यांचें व लोणच्यांचें बांधलें. मथळे, याद्या, कृतीचे क्रम जेथल्या तेथें. पान मराठी आहे हें यंत्रास सांगणारी दोन अक्षरांची खूणही माथ्यावर, जी डोळस विद्यार्थी हमखास विसरतात. रंग तिच्या भावानें निवडले होते: नारिंगी भूमीवर पिवळीं अक्षरें. संत्र्यांच्या गांवचा मुलगा, दुसरें काय निवडणार! पण मजकूर व भूमि यांच्या तेजांत निदान साडेचारास एक हें प्रमाण असावें, असा २००८ सालापासूनचा दंडक आहे, आणि तें प्रमाण रंगांच्या आंकड्यांवरून गणितानें काढतां येतें. तिनें काढलें, तें फार कमी भरलें. तिनें अक्षरें गडद तपकिरी केलीं. भाऊ दोन दिवस रुसला होता, म्हणे. आम्हांस मात्र तें पान पाहावयास सुसह्य झालें तें न पाहाणारीमुळें.

आमच्या पाठांची दुरुस्ती अद्याप चालू आहे. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्यें उतरविण्याचीं साधनें आहेत, पण त्यांवर डोळे मिटून विसंबतां येत नाहीं. जुन्या पद्धतींत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं ठोकलेली असते आणि रफार नंतर. उतरवितांना तीं भलत्याच अक्षरास जाऊन बिलगतात. म्हणून प्रत्येक पाठ आम्ही कानानें तपासतों, कूलर बंद करून. मे महिन्यांत हें किती अवघड, तें नागपूरकरांस सांगावयास नको. वहिनी कधीं कधीं भाजी निवडीत ऐकत बसते आणि "हें तुझ्या काकांना समजलं असतं" असें एखाद्या ठिकाणीं म्हणते, एखाद्या ठिकाणीं म्हणत नाहीं.

आजवर तेवीस पाठ झाले. ती मुलगी आतां पदवीधर झाली आहे, दर रविवारीं तिचा निरोप येतो, "सर, चोविसावा झाला का?" त्या पाठांत आकृत्या फार आहेत. त्यांतील पहिलीचें वर्णन आम्हीं तीनदां लिहून तीनदां खोडलें आहे.