गोधडीचा हंगाम

उन्हाळा आणि गोधडी हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणारा हसतो. गोधडी म्हटले की पौषातली थंडी आणि शेकोटी डोळ्यांपुढे येते. परंतु ज्यांच्या घरी गोधड्या शिवल्या गेल्या, त्यांना ठाऊक असते की गोधडी पांघरली जाते हिवाळ्यात, जन्माला मात्र येते चैत्र-वैशाखात. त्या दिवसांत शेतात काम नसते, उजेड सायंकाळी उशिरापर्यंत टिकतो, आणि धुतलेले जुने कापड तासाभरात खडखडीत वाळते. ज्या ऋतूत जमीन काही देत नाही, त्या ऋतूत आपल्या बायाबापड्यांनी चिंध्यांचे पीक काढले.

आपला सिन्नर तालुका पर्जन्यछायेतला. पश्चिमेला इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो, तेव्हा वावी-पाथऱ्याकडचा शेतकरी कोरड्या आभाळाकडे पाहत उभा असतो. होळी झाली की विहिरींचे तळ दिसू लागतात आणि पुढे टँकरची वाट पाहणे सुरू होते. याच पूर्व भागात मी शिक्षिका म्हणून काम करते. ऊन वाढले की शाळा सकाळची होते. दुपारी घरी येऊन जेवण उरकले की मी ओटीवर कापड पसरते. बाहेर फुफाटा उडत असतो, कडुनिंबाखाली शेळ्या निपचित पडलेल्या असतात, आणि माझी सुई चालू असते. शेजारच्या बाया आपापले काम घेऊन येऊन बसतात. कोणी डाळ निवडते, कोणी नुसतीच टेकते. माझ्या वर्षातला सर्वांत आवडता काळ हाच.

गोधडीचे शास्त्र साधे आहे, पण ते घाई खपवून घेत नाही. प्रथम तळाला एक सलग लुगडे अंथरायचे. त्यावर झिजलेल्या कापडांचे थर लावायचे. जिथे कापड विरले असेल तिथे दुसऱ्याचा जाड तुकडा यावा, एवढे भान ठेवायचे. वरून पुन्हा एक बरे कापड घालायचे. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून सुरकुत्या ताणून घ्यायच्या, लांब कच्चे टाके घालायचे, आणि मग काठाकडून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्याशी यायचे. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. माझी आई एका बोटाच्या पेरात किती टाके बसतात त्यावरून शिवणारीची पारख करी. बोलून दाखवत नसे. गोधडीवरून फक्त हात फिरवी.

शिवण्याइतकीच, किंबहुना त्याहून अवघड गोष्ट म्हणजे धुणे. भिजलेली गोधडी दोघींनी दोन टोके धरून पिळावी लागते. ती सोड्याच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवायची, धोपटायची आणि निदान तीनदा खळबळायची, म्हणजे किती हंडे लागतात याचा हिशेब आपल्याकडच्या मुलीलाही करता येतो. ज्या गावात पाणी टँकरने येते तिथे गोधडी आपली पाळी येईपर्यंत थांबते. आधी माणसे, मग जनावरे, मग भांडी, मग अंगावरचे कपडे, आणि उरले तर गोधडी. त्यातही शेवटचे खळबळलेले पाणी लिंबाच्या आळ्यात जाते. काही वर्षी पाळी येतच नाही. तेव्हा गोधड्यांना ऊन दाखवायचे. तापलेल्या पत्र्यावर दिवसभर पसरायच्या, मध्यान्ही उलटायच्या, सायंकाळी काठीने झोडपायच्या. वैशाखातल्या उन्हापुढे ढेकूण टिकत नाही. पाण्याने जे करायचे ते उन्हाकडून करून घ्यायचे, हे दुष्काळी मुलखाचे शहाणपण आहे.

रात्रीही गोधडी उपयोगी पडते. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो. त्यावर नुसती सतरंजी टाकली तर पाठ भाजते, गोधडी टाकली तर नाही. तिच्या थरांत अडकलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही. थंडीत अंगाची ऊब बाहेर जात नाही, उन्हाळ्यात खालची धग वर येत नाही. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळतात ती याच कारणाने. शिवाय आपली हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे रात्री जमीन लवकर निवते. पहाटे वारा सुटला की जिच्यावर झोपलो होतो तिचेच टोक ऐन मे महिन्यातही अंगावर ओढून घ्यावेसे वाटते.

आमच्या माणसांच्या जगण्यात गोधडी हे नुसते अंथरूण-पांघरूण नव्हते. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आजीचे सासरे खांद्यावर गोधडी आणि तिच्यात बांधलेल्या भाकरी घेऊन पायी निघाले, असे आजी सांगे. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जाई, तेव्हा माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यावर सावली होती ती चार काठ्यांवर ताणलेल्या गोधडीची. पुढे आई सिन्नरातल्या हजारो बायांप्रमाणे घरी विड्या वळू लागली. मजुरी हजार विड्यांमागे मिळे. हजार भरल्या की मग सुपातली पाने झाकून ती गोधडी हातात घेई. त्यामुळे आमच्या घरच्या गोधड्यांना तंबाखूचा वास असे, आणि मला तोच आईचा वास वाटे.

तीच गोधडी घेऊन मी आपल्या वसतिगृहात दाखल झाले. माझ्या पिढीतल्या भगिनींना आठवत असेल, प्रत्येकीजवळ एक पत्र्याची पेटी आणि एक गोधडी असे. सायंकाळी त्रिसरण-पंचशील झाले, अभ्यास संपला, की दालनात ओळीने गोधड्या पसरल्या जात. कोणाच्या गोधडीत आजोबांचे धोतर, कोणाच्या गोधडीत माळेगावच्या कारखान्यातल्या गणवेशाची खाकी, कोणाच्या गोधडीत बहिणीचे परकर. घरचे सारे कपडे संपल्यावरच गोधडी होते. म्हणून कोणाचे घर कसे आहे ते गोधडी सांगून टाकी, आणि सगळ्यांचीच तशी असल्यामुळे ते लपवावे असे कोणाला वाटत नसे. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की त्याच गोधडीत पुस्तके बांधून आम्ही एस. टी.च्या टपावर चढवत असू.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या पेटीत चार लुगडी निघाली. तीन रोजची, विरलेली. चौथे पांढरे शुभ्र, फक्त १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला नेसायचे. दोन्ही दिवस भर उन्हाळ्यातले, त्यामुळे घाम आणि धूळ लागून ते दरवर्षी धुवावे लागे, तरी ते नव्यासारखे होते. भावाचे म्हणणे पडले की ते आठवण म्हणून जपून ठेवावे. बहिणीला ते तिच्या घरी न्यायचे होते. मी मात्र त्याला कात्री लावायची म्हणत होते. यावरून घरात बोलाचाली झाली, आणि पहिला उन्हाळा ते लुगडे पेटीतच राहिले.

त्या दिवसांत मला विनयपिटकातली एक गोष्ट वारंवार आठवे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला वाटले, एका भिक्खूला एवढी वस्त्रे कशाला? त्याने आनंदाला विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची आच्छादने करू. ती विरल्यावर? गादीची खोळ. त्यानंतर जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग झाडणे. आणि झाडण्याच्याही चिंध्या झाल्यावर? त्या कुटून मातीत कालवून जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. त्याच पिटकात असेही आहे की मगधातली बांधांनी आखलेली भातखाचरे पाहून भगवंतांनी आनंदाला तशा मांडणीचे चीवर शिवायला सांगितले. तुकडे जोडून केलेल्या वस्त्राला आपल्या परंपरेत असा मान आहे.

मी ही गोष्ट भावाला वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईने कुठलं कापड कधी पेटीत ठेवलं होतं गं?" बहिणीने काठाची एक पट्टी मागून घेतली. उरलेले लुगडे आज माझ्या ओटीवर अंथरलेले आहे, तळाचे सलग कापड म्हणून. वरचे थर आईच्या तीन लुगड्यांचे आणि माझ्या दोन साड्यांचे आहेत.

ही गोधडी आमच्या घरात राहायची नाही. जूनमध्ये वसतिगृहात नव्या मुली येतील. त्यांच्यातल्या जिच्या घरी शिवणारे कोणी उरलेले नाही, तिला ती द्यायची, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे. आता बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळते आणि देणारे देतातही. पण आपल्यासाठी कोणीतरी दुपारच्या दुपारी बसून टाके घातले आहेत, हे रात्री हाताला लागणे वेगळे. आपणांपैकी अनेकांच्या घरी अशा पेट्या असतील आणि त्यांत अशीच घडी घातलेली लुगडी असतील. शिवणे येत नसेल तर कापड आणून द्या, शिवणाऱ्या मी गोळा करीन.

बाहेरचे तीन चौकोन पुरे झाले आहेत, आत अजून पाच आहेत. मृग लागायला महिना आहे.