जेवण कमी करू नकोस

चि. सोनूस,


काल फोन ठेवता ठेवता तू जे हळूच सांगितलंस, ते तुला मोकळेपणाने बोलता येत नव्हतं. घरात बाळाला बघायला येणाऱ्यांची वर्दळ, त्यात हा विषय. म्हणून लिहिते आहे, सवडीने वाच. आधी एक गोष्ट. शौचाला होऊच नये म्हणून तू जेवण निम्म्यावर आणलं आहेस, ते आजपासून बंद कर. बाळ अंगावर पितंय आणि तू अर्धपोटी राहतेस हे मला सहन होत नाही. शिवाय त्याने दुखणं वाढतंच.

शौचाच्या वेळी चिरल्यासारखी कळ, कडेला लालभडक रक्ताची रेघ आणि नंतर तास-दीड तास ठणका, ही लक्षणं बहुधा फिशरची, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेल्या चिरेची. आपल्याकडे तिथलं काहीही दुखलं की मूळव्याधच म्हणतात आणि भिंतीवर रंगवलेल्या 'खात्रीशीर इलाज, बिना ऑपरेशन'च्या पाट्या शोधत जातात. असल्या ठिकाणी इंजेक्शनं घेऊन जखम चिघळलेल्या बायका मी तपासल्या आहेत. कोणी कितीही भरवशाचा म्हणून सांगितला तरी तिकडे फिरकू नकोस.

चीर असते जेमतेम सेंटिमीटरभर. मग इतकी कळ का? तिथे दोन गोल स्नायू असतात. बाहेरचा आपल्या ताब्यात, आतला नाही. चीर दुखावली की आतला स्नायू आवळला जातो आणि बराच वेळ सैल होत नाही. नंतरचा तो ठणका मुख्यतः या स्नायूचा. तो आवळलेला असला की चिरेला रक्त कमी मिळतं. बहुतेक चिरा मागच्या बाजूला मधोमध पडतात आणि तिथे रक्तपुरवठा मुळातच बेताचा. बाळंतपणानंतर पुढच्या बाजूलाही पडू शकतात. रक्त कमी, म्हणून जखम भरत नाही. दुखतं म्हणून आपण शौच लांबवतो. जितकं लांबवावं तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, खडा होतो आणि तो तीच चीर पुन्हा उघडतो. कमी जेवल्याने मळ थोडा होईल, पण मऊ होणार नाही.

माझ्या ओपीडीत ऊसतोडीच्या हंगामात बायका येतात. फडाजवळ आडोसा नसतो, म्हणून अंधार पडेपर्यंत दाबून ठेवतात आणि जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणीही टाळतात. दोन-दोन वर्षं दुखणं अंगावर काढून येतात. त्यांना संडास नाही, तुला घरात आहे. भावना झाली की लगेच जा, मग बाळ रडत असो की पाहुणे बसलेले असोत. ताई आहे ना बाळाला घ्यायला!

आता खाण्यापिण्याचं. आजी तुला पाणी मोजून देते हे मला ठाऊक आहे. बाळंतिणीला पाणी कमी ही जुनी समजूत, पण अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी जास्तच लागतं. प्रत्येक वेळी पाजायला बसताना शेजारी तांब्या ठेव. डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल खा, पण ताटातली पालेभाजी, मूग, पेरू, पपई कमी होऊ देऊ नकोस. रात्री पेलाभर पाण्यात दोन चमचे इसबगोल ढवळून लगेच पी आणि वर आणखी पेलाभर पाणी. पाण्याशिवाय इसबगोल उलट अडकून बसतं. लोहाच्या गोळ्यांनीही खडा होतो, तरी त्या आपल्या मनाने सोडू नकोस, डॉक्टरांना सांगून बदलून घे. आणि तिखट आवर. नागपूरचे शल्यचिकित्सक डॉ. प्रवीण गुप्ता यांनी फिशरच्या रुग्णांना काही दिवस तिखटाच्या आणि काही दिवस नुसत्या कॅप्सूल देऊन पाहिल्या होत्या. तिखटाच्या दिवसांत त्रास वाढला. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

सगळ्यात जास्त आराम गरम पाण्यात बसल्याने मिळेल. पसरट टब घे, कंबरेखालचा भाग बुडेल इतकं, सोसेल असं ऊन पाणी घे आणि दहा-पंधरा मिनिटं बस. शौचानंतर तर नक्कीच, एरवीही दिवसातून दोनदा. डेटॉल, मीठ, तुरटी काही घालायचं नाही. काम उबेचं आहे, तिने तो आवळलेला स्नायू सैल पडतो. बसलीस की मिनिटा-दोन मिनिटांत आतून ढिलं पडल्याचं तुला स्वतःला जाणवेल. खालचे टाकेही त्याने सुखावतील. जेट स्प्रेची धार चिरेवर मारू नकोस, तांब्याने कोमट पाणी घे आणि मऊ कापडाने टिपून घे. कमोडवर बसताना पायाखाली पाट ठेव. कुंथायचं नाही, मोबाइल आत न्यायचा नाही.

एवढ्यानेच ताज्या चिरांपैकी जवळजवळ निम्म्या भरून येतात. पण तुला तीन आठवडे झालेत, तेव्हा बाळंतपणाच्या डॉक्टरांना दाखवच. ताजी चीर नुसतं अलगद बाजूला करून पाहिलं तरी दिसते, बोट घालून तपासायची घाई नसते. कोणी तसं करू लागलं तर 'दुखतंय, आत्ता नको' म्हणायचा तुला हक्क आहे. लॅक्टुलोजचं पातळ औषध अंगावर पाजतानाही चालतं. बधिर करणारं मलम मिळेल, आणि लागलं तर स्नायू सैल करणारं, डिल्टियाझेमचं. ते सहा ते आठ आठवडे नेमाने लावावं लागतं. बाळ अंगावर पितं हे सांगूनच लिहून घे.

ऑपरेशनची धास्ती तू आत्ताच घेऊ नकोस. आतल्या स्नायूचा थोडा भाग कापायचा, ही कल्पना जोहान्सबर्गच्या आयझेनहॅमर यांनी १९५१ मध्ये मांडली. पुढे तो कडेने कापायची पद्धत आली आणि तिने दहातले नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. पण काहींचा वायूवरचा ताबा थोडा सुटतो, आणि प्रसूतीत हे स्नायू आधीच ताणलेले असतात. म्हणून बाळंतिणीच्या बाबतीत मी तरी घाई करत नाही. मात्र ताप आला, सूज किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

ठणका आठ-दहा दिवसांत उतरेल आणि तुला वाटेल, झालं. तेव्हाच बहुतेक जणी इसबगोल सोडतात आणि महिन्याभरात पुन्हा येतात. वरून भरलेली चीर आतून कच्ची असते. पाणी, भाजी, इसबगोल, हे दोन-तीन महिने तरी चालू राहू दे.

हे पत्र ताईला वाचायला दे. तिला कळलं की तुझं ताटही सुधारेल आणि टबही मिळेल. पाण्याचं आजीला मी समजावते, माझं ती ऐकते. डॉक्टरांकडे जाऊन आलीस की चिठ्ठीचा फोटो पाठव आणि रात्री नऊनंतर फोन कर, तेव्हा मी घरी एकटीच असते.

बाळाला गोड पापा.

तुझी,
मावशी