ओल्या वळणावर

सवाई जयसिंहाने 1727 साली वसवलेले जयपूर हे काटकोनांचे नगर आहे. विद्याधर भट्टाचार्य यांच्या आखणीतले इथले हमरस्ते एकमेकांना सरळ छेदतात आणि त्या छेदांवर चौपडी उभ्या आहेत. याच राजाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या महाराष्ट्रीय पंडिताने युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. त्या ग्रंथाचे नाव ‘रेखागणित’. तटाच्या आतल्या बाजारांतून सायकल चालवताना मला त्याचे स्मरण होते. कारण सायकलस्वाराला काटकोन वळताच येत नाही; त्याला त्या कोनाच्या पोटात वर्तुळाचा एक तुकडा बसवावा लागतो. कोरड्या दिवशी हे प्रमेय शरीर आपोआप सोडवते. पावसात चाक निसटले, की वर्तुळ सुटते आणि माणूस स्पर्शरेषेने दूर फेकला जातो.

जयपुरात वर्षाकाठी सुमारे 600 मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणचा पाऊस पाहिलेल्या माणसाला एवढ्याशा सरींचे भय वाटत नाही. पण घात होतो तो नेमका तिथेच. महिनोन्‌महिने रस्त्यावर धूळ, वाहनांचे तेल आणि रबराचा भुगा साचत असतो. पहिल्या रिमझिमीने त्याचा पातळ लेप होतो. मुसळधार पाऊस हा लेप धुऊन तरी नेतो. रिमझिम त्याला केवळ भिजवते.

माझा नातू शर्यतीची सायकल चालवतो. तिचे अरुंद, नक्षीविरहित टायर पाहिले की प्रथम छातीत धस्स होते. वास्तविक मोटारीच्या रुंद टायरला पाणी बाजूला सारण्यासाठी खाचांची गरज असते; सायकलचा टायर मुळातच अरुंद, गोल आणि हवेने घट्ट भरलेला असल्यामुळे तो पाणी चिरत जातो. डांबरी रस्त्यावर त्याला पकड मिळते ती रबराच्या मऊपणातून आणि खडीच्या खडबडीतपणातून. मात्र ही पकड किती थोड्या जागेवर उभी असते! स्वारासह 80 किलो वजनाची सायकल प्रत्येक चाकामागे जेमतेम अंगठ्याच्या ठशाएवढ्या रबरावर रस्त्याला टेकलेली असते. पावसाळ्यात हवा किंचित कमी ठेवली, तर तो ठसा थोडा मोठा होतो.

या ठशाकडून आपण दोन कामे मागतो: वेग आवरणे आणि दिशा बदलणे. दोन्ही कामांचा खर्च एकाच पुंजीतून होतो. 10 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 20 किलोमीटर वेगाने जाताना सायकल सुमारे 18 अंश कलते. वेग 30 झाला की हा कल 35 अंशांवर जातो. वेग दीडपट, पण टायरवरचा बाजूचा ताण सव्वादोनपट! कोरडा रस्ता हा ताण सोसतो. ओला रस्ता सोसेलच असे नाही. त्यातच वळणाच्या मध्यावर ब्रेक आवळला, तर उरलीसुरली पुंजीही संपते.

1734 साली बांधलेल्या नाहरगडाकडे आमेर रस्त्यावरून फुटणारी वाट अशाच वळणांची आहे. पावसाळ्यात डोंगर हिरवा होतो आणि तरुण सायकलस्वार पहाटे तिकडे निघतात. आमच्या परिचयातील एक गृहस्थ सपाट रस्त्यावरच, पांढऱ्या रंगाच्या ओल्या पट्ट्यावर घसरले. खुबा मोडल्यानंतर ते काठीवाचून चाललेले नाहीत. नातू उतारावर निघतो तेव्हा मला तीच काठी दिसते.

एकदा त्याने विचारले, “आजोबा, मग ओल्या वळणावर करायचं तरी काय?”

मी म्हणालो, “वळणावर काहीच नाही. जे करायचं ते वळणाच्या आधी.”

वेग सरळ रस्त्यावरच कमी करावा, आणि तोही लवकर. कारण धावेवर घासणाऱ्या ब्रेकचे पहिले काही फेरे नुसते पाणी पुसण्यात जातात. लोखंडी झाकणे, रंगाचे पट्टे आणि कडुनिंबाचा ओला पाचोळा आधीच हेरून ठेवावा. ते टाळता आले नाहीत, तर सायकल सरळ ठेवून ओलांडावेत. वळताना बाहेरचा पायडल खाली, भार त्यावर आणि नजर वळण जिथे संपते तिथे.

माझे भय मात्र मी त्याला दिले नाही. भ्यालेला हात ताठरतो आणि नको त्या क्षणी ब्रेक आवळतो. वडीलधाऱ्यांची काळजी अशा रीतीने मुलांच्या हातात उतरली, तर तीच त्यांना पाडते. म्हणून आषाढात आभाळ भरून आले, तरी मी त्याला जाऊ नकोस असे म्हणत नाही. टायर तपासलेस का, एवढेच विचारतो आणि तो परतेपर्यंत वर्तमानपत्राचे एकच पान वाचत बसतो.